ज्याचं त्याचं स्टेशन

सहल कंपनीच्या छापील कार्यक्रमात सातव्या दिवसापुढे दोनच शब्द होते, 'फ्री डे'. घरातल्या पुरुषांना आणि पोरांना हे शब्द वाचून आनंद होतो. बाईच्या डोक्यात मात्र लगेच हिशेब सुरू होतो. मोकळा दिवस म्हणजे बस नाही, गाइड नाही आणि मुख्य म्हणजे जेवण नाही. नाश्ता तेवढा हॉटेलचा, पुढचं सगळं आपलं आपण. तेही कुठे? तर एक कोटी चाळीस लाख वस्तीच्या टोकियोत!

२०२४च्या मे महिन्यात आम्ही चौघं जपानला गेलो होतो. मी, हे, दहावीत गेलेली लेक आणि बहात्तर वर्षांच्या सासूबाई. यांचं तालुक्याच्या गावी इलेक्ट्रिकच्या सामानाचं दुकान आहे. लग्नाला वीस वर्षं झाली तेव्हा साठवलेल्या पैशांतून एकदाच, पण लांब जायचं असं ठरलं होतं. सहा दिवस आम्ही झेंड्यामागून चाललो. सातव्या दिवशी झेंडा नव्हता.

आदल्या रात्री हॉटेलच्या खोलीत सभा भरली. यांचं उत्तर तयार होतं, अकिहाबारा! इलेक्ट्रॉनिक्सची पंढरीच म्हणा ना. लेकीला हाराजुकू बघायचं होतं, तिच्या वयाच्या मुलींच्या फॅशनची गल्ली. सासूबाई आधी नेहमीसारखं म्हणाल्या, "माझं काय, तुम्ही न्याल तिकडे." मग जरा वेळाने त्यांनी पर्समधून चार घड्या घातलेला कागद काढला. त्यावर त्यांच्या टपोऱ्या अक्षरात लिहिलं होतं, 'मेजिरो, जपान महिला विद्यापीठ'.

हे म्हणाले, "आई, अगं तिथे बघायला काय आहे? आत तरी सोडतील का? एक गेट दिसेल फार तर."

"मला गेटच बघायचंय," सासूबाई म्हणाल्या.

मैत्रिणींनो, यामागची गोष्ट आपल्या महाराष्ट्राची आहे. टोकियोतलं हे विद्यापीठ जिंझो नारुसे यांनी १९०१ मध्ये सुरू केलं. त्याची माहिती देणारी एक पुस्तिका महर्षी धोंडो केशव कर्वे यांच्या हाती पडली आणि आपल्याकडेही बायकांचं असं विद्यापीठ हवं, हा विचार त्यांच्या मनात पक्का झाला. १९१६ मध्ये त्यांनी पुण्यात महिला विद्यापीठ स्थापन केलं. तेच पुढे ठाकरसी यांच्या देणगीनंतर एसएनडीटी म्हणून ओळखलं जाऊ लागलं. जगाच्या दौऱ्यावर गेलेल्या अण्णांनी १९३० मध्ये मायदेशी परतण्यापूर्वी टोकियोतलं ते विद्यापीठ स्वतः जाऊन पाहिलंही होतं. आणि आमच्या सासूबाई एसएनडीटीच्या बीए! बाहेरून परीक्षा देऊन झालेल्या.

लेकीने फोनवर रेल्वेचा नकाशा उघडला आणि ओरडलीच, "अरे, हे सगळं एकाच गोलात आहे!"

तो गोल म्हणजे यामानोते लाइन. पोपटी पट्ट्याच्या गाड्यांची ही लाइन टोकियोच्या मधल्या भागाभोवती फेरी मारते. साडेचौतीस किलोमीटर, तीस स्टेशनं आणि पूर्ण फेरीला साधारण एक तास. गाडी चुकली तरी तीन-चार मिनिटांत दुसरी हजर. प्रत्येक स्टेशनला नंबर आहे, तोही इंग्रजीत. आमचं हॉटेल उएनोला, म्हणजे जेवाय पाच. मेजिरो चौदा, हाराजुकू एकोणीस, अकिहाबारा तीन. जपानी अक्षर एक ओळखू येत नसलं तरी आकडे वाचता आले की झालं. सासूबाईंनी लगेच पाठ करून टाकलं, "आपलं पाच, माझं चौदा."

"आणि आई, तुझं स्टेशन कुठलं?" लेकीने विचारलं.

"मला काय, तुमच्या पोटात वेळेवर काही पडलं म्हणजे झालं," मी म्हटलं. सगळे हसले आणि विषय तिथेच संपला.

सकाळी नाश्त्याला सासूबाईंनी चहा घेतला नाही. पाण्याचा पेलाही बाजूला सारला. "बाहेर पडायचंय ना," एवढंच म्हणाल्या. यांना काही कळलं नाही. मला कळलं, तुम्हालाही कळलं असेल. आपण बायका प्रवासाला निघालो की आदल्या रात्रीपासून पाणी तोडतो. लग्नाला जायचं असो, कोर्टाच्या कामाला की देवदर्शनाला, वाटेत सोय कुठे असेल आणि असली तर ती कशी असेल, हा घोर असतो. त्यापायी लघवीची जळजळ, डोकेदुखी, पायात गोळे सगळं सोसतो आणि वर म्हणतो, "मला मेलीला तहानच लागत नाही."

स्टेशनवर आम्ही दिवसभराचे पास काढले. तोकुनाई पास म्हणतात त्याला. तेव्हा तो ७६० येनला, म्हणजे साधारण चारशे रुपयांना होता. टोकियोच्या तेवीस वॉर्डांत जेआरच्या लोकल गाड्यांतून दिवसभर कितीही वेळा चढा-उतरा. यंत्राला इंग्रजी येत होतं, त्यामुळे लेकीला काही जड गेलं नाही.

आत गेल्याबरोबर मी सासूबाईंना आधी स्वच्छतागृह दाखवलं. फुकट, स्वच्छ, कोरडं. पर्स ठेवायला फळी, पिशवी अडकवायला हूक. एका कोपऱ्यात तान्ह्या बाळाला बसवायची खुर्ची, म्हणजे आईचे दोन्ही हात मोकळे. भिंतीवर एक बटण असतं, ते दाबलं की पाणी वाहिल्याचा नुसता आवाज येतो. बायकांना संकोच वाटायचा म्हणून त्या आवाज झाकायला पुन्हा पुन्हा पाणी सोडायच्या. ते वाया जाऊ नये म्हणून टोटो कंपनीने १९८८ मध्ये ही युक्ती काढली. नाव काय, तर 'ओतोहिमे', ध्वनीची राजकन्या! शिबुया भागात तर २०२० ते २०२३ या काळात नामवंत वास्तुरचनाकारांकडून सतरा सार्वजनिक स्वच्छतागृहं बांधून घेतली. तिथल्या सफाई कामगारावर 'परफेक्ट डेज' नावाचा सिनेमाही निघाला.

सासूबाई बाहेर आल्या आणि म्हणाल्या, "असं प्रत्येक स्टेशनावर आहे?" मी हो म्हटलं. त्यांनी हात पुढे केला, "दे ती पाण्याची बाटली."

पहिला मुक्काम केला सुगामोला, नंबर अकरा. हे कुणाच्याच यादीत नव्हतं, पण वाटेवर होतं. तरुणांचं जसं हाराजुकू तसं आज्यांचं सुगामो, असं टोकियोत गमतीने म्हणतात. जिझो-दोरी नावाचा आठशे मीटरचा बाजाररस्ता. दुकानं सगळी वयस्क मंडळींना लागणाऱ्या वस्तूंची. मऊ चपला, काठ्या, हलके स्वेटर. एक दुकान फक्त लाल रंगाच्या आतल्या कपड्यांचं, कारण लाल रंगाने तब्येत चांगली राहते अशी समजूत! सासूबाई पदर तोंडाला लावून हसल्या.

याच रस्त्यावर कोगान्जी नावाचं बौद्ध मंदिर आहे. अंगणात काननोनची लहानशी मूर्ती. आपल्या अवलोकितेश्वराचंच हे जपानी रूप, तिथे ते बहुतेक वेळा स्त्रीरूपात दिसतं. आपल्याला जिथे दुखतं, मूर्तीच्या त्या भागावर पाणी घालायचं आणि पांढऱ्या फडक्याने पुसायचं. रांगेत सगळ्या आज्याच होत्या. सासूबाईंच्या पुढे कमरेत वाकलेली एक आजी होती. तिने मूर्तीची कंबर पुसली. सासूबाईंनी गुडघा पुसला. मग दोघींनी एकमेकींकडे बघितलं. त्या आजीने आपल्या कमरेवर हात ठेवून तोंड वाकडं केलं, सासूबाईंनी गुडघ्यावर ठेवून केलं. झालं बोलणं! भाषेवाचून काही अडलं नाही.

तिथेच शिओ-दाइफुकु खाल्लं. तांदळाची मऊ पारी, आत अझुकी नावाच्या लाल कडधान्याचं गोड पुरण आणि किंचित मीठ. "हे तर मोदकाचं मावसभावंड," सासूबाईंचा निर्वाळा. शाकाहारी माणसाला जपानमध्ये जपून खावं लागतं. नुसत्या भाजीच्या वाटणाऱ्या सुपातही बहुधा माशाचा अर्क असतो. म्हणून मी दशम्या, शेंगदाण्याची चटणी आणि मेतकूट घरूनच आणलं होतं.

तिथून तीन स्टेशनं, मेजिरो. स्टेशनपासून विद्यापीठ पंधरा मिनिटांच्या वाटेवर आहे. आम्हाला अर्धा तास लागला. फुटपाथवर मधोमध पिवळ्या, उंचवट्याच्या फरशा होत्या. सासूबाईंना वाटलं शोभेच्या आहेत. पण त्या अंध माणसांना पायाने वाट कळावी म्हणून असतात. सेइइची मियाके या जपानी माणसाने त्या तयार केल्या आणि १९६७ मध्ये ओकायामा शहरात पहिल्यांदा बसवल्या. आता त्या जगभर दिसतात.

गेट आलं. मुली आत-बाहेर करत होत्या, कुणाच्या हातात वह्या, कुणाच्या हातात कॉफी. पहारेकऱ्याने वाकून नमस्कार केला. सासूबाईंनी हात जोडले. आत जायचं त्यांनी विचारलंही नाही. गेटपाशी वाकून जमिनीला हात लावला आणि तो कपाळाला नेला. पहारेकरी पुन्हा वाकला.

शेजारच्या एका लहानशा बागेत आम्ही दशम्या सोडल्या. लेकीने विचारलं, "आजी, तू बीए कशी केलीस गं?"

सासूबाई सांगायला लागल्या. मी या घरात आले त्याच्या खूप आधीची, १९९०ची गोष्ट. तेव्हा त्या अडतीस वर्षांच्या होत्या. पहाटे तीनला उठून स्वयंपाकघरात पुस्तक घेऊन बसायच्या. दिवा दिसला तर घरात बोलणी होतील म्हणून खिडकीला गोधडी लावायच्या. पुस्तकं तांदळाच्या डब्यामागे. परीक्षेला दुसऱ्या गावी जायचं होतं, तेव्हा माहेरी जाते असं सांगून गेल्या. निकाल लागल्यावर घरात कुणी पेढेसुद्धा वाटले नाहीत. "पण माझं मला ठाऊक होतं ना," त्या म्हणाल्या.

हे दशमी हातात घेऊन तसेच बसले होते. त्यांच्या आईचं हे त्यांनाही पहिल्यांदाच कळत होतं. तेव्हा ते शाळेत होते. घरात गोधडी खिडकीला का असते, हा प्रश्न त्यांना कधी पडला नव्हता. थोड्या वेळाने ते उठले, पुन्हा गेटपर्यंत गेले आणि येऊन म्हणाले, "आई, चल, तुझा फोटो काढायचा राहिला."

एका विद्यापीठाने सगळं जपान बदललं असं नाही हं. टोकियोतल्याच एका वैद्यकीय विद्यापीठाने प्रवेशपरीक्षेत मुलींचे गुण मुद्दाम कमी केल्याचं २०१८ मध्ये उघडकीला आलं. जपानला पहिली महिला पंतप्रधान मिळाली ती २०२५च्या ऑक्टोबरमध्ये, सानाए ताकाइची. गेट उघडायला एक माणूस पुरतो, ते उघडं ठेवायला मात्र पिढ्या लागतात.

जेवण झाल्यावर कागद टाकायला कचराकुंडी शोधली, तर रस्त्यात कुठेच नाही. १९९५ मध्ये टोकियोच्या भुयारी रेल्वेत विषारी वायूचा हल्ला झाला, त्यानंतर सार्वजनिक ठिकाणच्या कितीतरी कुंड्या काढून टाकल्या. लोक आपला कचरा आपल्या पिशवीत घालून घरी नेतात. आमचाही कचरा मग दिवसभर आमच्याबरोबर टोकियो फिरला.

हाराजुकूबद्दल मी फार लिहीत नाही, ते लेकीचं राज्य. ताकेशिता नावाची ती गल्ली तुळशीबागेची आधुनिक बहीण समजा. गर्दी तीच, घासाघीस मात्र नाही. पलीकडे मेइजी देवस्थानाची गर्द झाडी आहे. १९२०च्या सुमारास लोकांनी देशभरातून दिलेल्या एक लाख झाडांचं हे रान. सासूबाई आणि मी तिथे सावलीत टेकलो.

मला सांगायचं आहे ते त्यानंतरचं. दुपारी तीनच्या गाडीत एक मुलगी चढली. सहा-सात वर्षांची, डोक्यावर टोपी, पाठीवर चामड्याचं चौकोनी दप्तर. एकटी! दप्तराच्या पट्ट्याला एक छोटं यंत्र लटकत होतं. दोरी ओढली की जोरात भोंगा वाजतो, संकटात मदत बोलवायला. ती उतरली आणि गर्दीत चालू लागली. डब्यात कुणाला त्याचं काहीच वाटलं नाही.

लेकीने माझ्याकडे बघितलं. आमच्या गावात तिचा क्लास घरापासून दीड किलोमीटरवर आहे. संध्याकाळी मी तिला सोडायला जाते आणि आणायला जाते. "आई, ती पहिलीत असेल," ती एवढंच म्हणाली.

मी गप्प राहिले. पण शिबुयाला उतरलो तेव्हा शेजारच्या फलाटावर गुलाबी रंगाची पाटी दिसली, फक्त बायकांसाठीचा डबा. लेकीने वाचली. "म्हणजे इथेही?"

"इथेही," मी म्हटलं. टोकियोत गर्दीच्या गाड्यांत बायकांना होणारा त्रास जुना आहे. त्यासाठी काही मार्गांवर गर्दीच्या वेळी असे राखीव डबे असतात. त्रास देणं हा गुन्हा आहे, असं सांगणारी पत्रकं स्टेशनांवर लावलेली असतात. जपानमध्ये विकल्या जाणाऱ्या बहुतेक मोबाइलच्या कॅमेऱ्याचा आवाज बंद करता येत नाही, तोही चोरून फोटो काढले जाऊ नयेत म्हणूनच. वाईट माणसं तिथेही आहेत. पण त्यांच्यावर उपाय म्हणून मुलींना घरात बसवलेलं नाही. डबा दिलाय, भोंगा दिलाय, दिवे दिलेत.

शिबुयाच्या त्या प्रसिद्ध चौकात सगळे सिग्नल एकदम लाल झाले आणि चारी बाजूंनी माणसांचा लोंढा सुटला. गर्दीच्या वेळी एका खेपेला तीन हजारांपर्यंत माणसं तो चौक ओलांडतात म्हणे. सासूबाईंनी एका हाताने यांना धरलं, दुसऱ्या हाताने मला. कुणाचा धक्का लागला नाही. स्टेशनबाहेरच्या हाचिको कुत्र्याच्या पुतळ्यापाशी क्षणभर थांबलो. १९२५ मध्ये मालक वारल्यावरही जवळपास दहा वर्षं तो रोज स्टेशनवर वाट बघत राहिला. सासूबाई म्हणाल्या, "वाट बघणं सोपं नसतं हो."

अकिहाबाराला पाच वाजले. दुसऱ्या महायुद्धानंतर इथे रेडिओच्या सुट्या भागांचा बाजार भरू लागला, त्यातून ही इलेक्ट्रॉनिक्सची नगरी उभी राहिली. रेल्वेपुलाखालच्या बोळांत अजूनही हातभर रुंदीची दुकानं आहेत. हे आणि लेक तिथे उतरले. सासूबाई थकल्या होत्या, म्हणून त्यांना घेऊन मी दोन स्टेशनं पुढे उएनोला गेले आणि हॉटेलवर पोचवलं. पांघरूण घातलं, पाणी ठेवलं आणि खुर्चीवर बसले.

"बसलीस का?" सासूबाई म्हणाल्या. "पास आहे ना अजून? रात्रीपर्यंत चालतो म्हणे. तुझं स्टेशन राहिलंय."

"मला कुठेच जायचं नाही, आई."

"मग कुठेच जाऊ नकोस. नुसती फेरी मारून ये."

फोन यांच्याकडे होता. माझ्याकडे हॉटेलचं कार्ड, हजार येन आणि पास. सहा वाजता मी उएनोच्या फलाटावर एकटी उभी राहिले. बेचाळिसाव्या वर्षी एकटीने आणि विनाकारण केलेला हा माझा पहिला प्रवास. आजवर जिथे गेले तिथे काहीतरी कारण होतं. कुणाचं बाळंतपण, कुणाचं ऑपरेशन, कुणाची ॲडमिशन.

गाडी खच्चून भरलेली होती. दाराशी उभी राहिले. सुगामो गेलं, मेजिरो गेलं. ताकादानोबाबाला गाडी सुटताना ॲस्ट्रो बॉयचं संगीत वाजतं, लेकीने सांगितलेलं ते ऐकलं. शिंजुकूला जगातली सगळ्यात जास्त वर्दळ असते, गिनेस बुकात नोंद आहे. तिथे अर्धा डबा उतरला आणि तेवढाच पुन्हा भरला. कुणी फोनवर बोलत नव्हतं. शिनागावाच्या अलीकडे मला जागा मिळाली. बाहेर दिवे लागत होते. माझ्या शेजारी ऑफिसमधून आलेली एक बाई डोळे मिटून बसली होती. मीही मिटले. एक तासभर मला कुणी काही मागितलं नाही, काही विचारलं नाही. भाजी कसली करायची, हा प्रश्नसुद्धा मनात आला नाही. जेवाय पाच आलं, तशी मी उतरले.

आपण परत आल्यावर लोक विचारतात, काय आणलं? यांनी सोल्डरिंगची दोन टोकं आणली. लेकीने वहीभर स्टेशनांचे शिक्के आणले, तिथे प्रत्येक स्टेशनवर आपल्या हाताने मारून घ्यायला शिक्का ठेवलेला असतो. सासूबाईंचा गेटपाशी काढलेला फोटो दिवाणखान्यात लागला. त्याच्याशेजारी, चौतीस वर्षांनी, बीएचं प्रमाणपत्रही लागलं.

लेक आता क्लासला सायकलवर एकटी जाते. तिच्या दप्तराला ऑनलाइन मागवलेला एक भोंगा आहे. पहिले आठ दिवस मी खिडकीत उभी राहायचे, आता कणीक मळत असते.

आणि आमच्या भिशीच्या अकरा जणींनी मिळून नगरपालिकेला अर्ज दिला आहे. आठवडी बाजाराच्या जागी बायकांसाठी पाण्याची सोय असलेलं, आतून कडी लागणारं स्वच्छतागृह पाहिजे, म्हणून. पहिल्या अर्जाला उत्तर आलं नाही. दुसऱ्यावर सत्तावीस सह्या आहेत. पहिली सही सासूबाईंची, नावापुढे बीए लिहून.